आधी मागची बाजू बघा : लॅपटॉप, टीव्ही आणि माळ्यावरून उतरलेल्या सिस्टिमबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कॉम्प्युटर टीव्हीला किंवा म्युझिक सिस्टिमला जोडण्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर एवढी पत्रं आणि मेल आलेत की काही पुढच्या अंकावर ढकलावे लागले. दिवाळीच्या साफसफाईत बऱ्याच घरांतले डेक आणि अँप्लिफायर माळ्यावरून खाली आलेले दिसतायत. एक विनंती आहे. "आमचा टीव्ही जुना आहे, लॅपटॉप जोडता येईल का" एवढंच लिहिलंत तर मी काय कपाळ सांगणार? टीव्ही फिरवा, मागच्या भोकांचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो पाठवा, निम्मं उत्तर त्या फोटोतच असतं आणि बऱ्याचदा फोटो काढताना तुमचं तुम्हालाच सापडतं.

प्रश्न : आमच्या ह्यांनी १९९० च्या सुमारास हौसेने अँप्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर घेतले होते. मुलाने लॅपटॉपमध्ये नाट्यसंगीत आणि अभंग भरून दिलेत, ते त्यावर ऐकायचेत. वायर आणून लावली तर सतत घूंऽऽ असा आवाज येतो, गाणं त्याच्या मागे कुठेतरी. दुकानदार म्हणतो अँप्लिफायर गेला, आता साउंडबार घ्या. खरंच गेला का? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : काकू, अँप्लिफायर भंगारात देऊ नका, निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा. तुम्ही फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण त्यात दिसतंय की लाल-पांढऱ्या पिना तुम्ही "फोनो" लिहिलेल्या भोकांत घातल्यात. फोनो म्हणजे फोन-लॅपटॉपसाठीचं, असं वाटून तिथे घालणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, पण ते भोक रेकॉर्ड प्लेयरचं. रेकॉर्डच्या सुईतून येणारा सिग्नल अगदी बारीक, काही मिलिव्होल्टचा, म्हणून फोनोच्या आत त्याला साधारण शंभरपट मोठं करणारं वेगळं सर्किट असतं, आणि रेकॉर्ड कापताना बास दाबलेला नि ट्रेबल चढवलेला असतो तोही तिथेच उलटा करून सरळ करतात. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून जवळपास एक व्होल्ट येतो. तो तिथे घातला की गाणं फाटणार, बास घुमणार आणि जरा कुठे गुणगुण असेल ती पण शंभरपट होणार. शेजारचं "ऑक्स" घ्या. ते नसेल तर "ट्यूनर" किंवा "टेप" चालेल, फक्त टेपला दोन जोड्या असतात, त्यातली प्ले लिहिलेली घ्यायची, रेक लिहिलेली नाही, कारण रेकमधून आवाज बाहेर येतो, आत जात नाही. पांढरी डावीकडची, लाल उजवीकडची.

एवढ्याने घूं बरीच कमी होईल. उरलीच तर पुढचा प्रयोग करा, एक पैसा लागत नाही. गाणं चालू असताना लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू द्या. घूं एकदम थांबली? मग अँप्लिफायर निर्दोष आहे, दोष आहे अर्थिंगचा. होतं काय की चार्जरची तीन पिनांची वायर एका जागी जमिनीला जोडलेली असते आणि अँप्लिफायर दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने, आणि ह्या दोन "जमिनी" कागदावर सारख्या असल्या तरी प्रत्यक्षात त्यांच्यात थोडा फरक असतो, मग त्या फरकाचा करंट तुमच्या गाण्याच्या वायरच्या जाळीतून वाहतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून स्पीकर ५० हर्ट्झमध्ये घुमतो. आमच्याकडे हाच भुंगा दोन महिने होता. मी वायरी बदलल्या, अँप्लिफायर उघडला, भावाशी भांडलो, आणि शेवटी कळलं की टीव्हीसुद्धा त्याच अँप्लिफायरला जोडलेला आणि टीव्हीच्या मागे केबलवाल्याची गच्चीवरून आलेली वायर! ती फिरवून काढली आणि घरात एकदम शांतता.

तर लॅपटॉप आणि अँप्लिफायर दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. तरी राहिली तर "ग्राउंड लूप आयसोलेटर" नावाची छोटी डबी मिळते, काडेपेटीएवढी, दोन्हीकडे ऑडिओ पिना, आत दोन बारकी ट्रान्सफॉर्मर. गाण्याच्या वायरच्या मध्ये घालायची. गाडीच्या स्टिरिओवाल्यांकडे हमखास असते, पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर असतेच. पण काही झालं तरी चार्जरची अर्थची जाड पिन कापू नका किंवा आवाज जातो म्हणून दोन पिनांचा अडाप्टर लावू नका. आवाज जातो हे खरंय, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर करंटला जायला उरते ती वाट म्हणजे तुमचा हात.

बॅटरीवर पण घूं तशीच असेल तर अँप्लिफायरच्या मागच्या सगळ्या पिना काढा, नुसता चालू करा, आवाज शून्यावर ठेवा. तरी घूं येतेय? मग आतले पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकलेत. तीस-पस्तीस वर्षांत सुकणारच, त्यात दुकानदाराचं अगदीच चुकलं असं नाही, पण म्हणून अँप्लिफायर "गेला" होत नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जुना माणूस गाठा, सातारला अजून असतील, दोन-चार कपॅसिटर बदलण्याचं काम आहे. त्यालाच आवाजाच्या बटणात कॉन्टॅक्ट क्लीनर मारायला सांगा, म्हणजे फिरवताना खरखर होते ती पण जाईल.

आणि लॅपटॉपवर आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवायचा, कमीजास्त अँप्लिफायरवर करायचं. बरेच जण उलटं करतात, लॅपटॉप तीसवर आणि अँप्लिफायर पूर्ण, मग गाण्याबरोबर लॅपटॉपच्या आतली किरकिर पण मोठी होऊन येते.

प्रश्न : आमच्याकडे २१ इंची डबा टीव्ही आहे, चित्र अजून झकास आहे. लग्नाचा व्हिडिओ लॅपटॉपवरून आईबाबांना दाखवायचा म्हणून ऑनलाइन वायर मागवली, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी पिन. लावली, काहीच येत नाही. टीव्हीचा प्रॉब्लेम की लॅपटॉपचा? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोघांचाही नाही, वायरचाच, आणि वायर तुटलेली नाही, ती जन्मतःच निकामी आहे. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, पिवळ्या पिनेला ॲनालॉग लागतो, आणि नुसती तांबं जोडून एकाचं दुसरं होत नाही. मध्ये भाषांतर करणारी चिप पाहिजे आणि चिपला वीज पाहिजे. म्हणून नुसती वायर दिसली, मध्ये डबी नाही, की घेऊच नका. परत करता येत असेल तर करा.

घ्यायचा तो "एचडीएमआय टू एव्ही" कन्व्हर्टर. डबीवर हे शब्द ह्याच क्रमाने असले पाहिजेत. "एव्ही टू एचडीएमआय" पण अगदी तशीच दिसते, तेवढीच, त्याच रंगाची, पण ती जुना डीव्हीडी प्लेयर नव्या टीव्हीला लावायची, उलट चालत नाही. डबीला यूएसबीची छोटी वायर असते ती मोबाइलच्या चार्जरला लावा. एका बाजूला पाल आणि एनटीएससी (टीव्हीवर चित्र पाठवायच्या दोन जुन्या पद्धती) असं बारकं बटण असतं, आपल्याकडचे टीव्ही पालवाले, त्यामुळे पाल. ते एनटीएससीवर राहिलं तर चित्र काळं-पांढरं येतं नाहीतर वर सरकत राहतं, आणि माणूस परत टीव्हीलाच शिव्या घालतो. तुमच्या टीव्हीला मागे लाल भोकच नसेल तर तो मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा आवाज नसलेला आहे, पांढरी आणि पिवळी लावा, लाल लटकू द्या.

व्हिडिओ छान दिसेल. अक्षरं मात्र वाचायची अपेक्षा ठेवू नका, कारण ह्या टीव्हीवर चित्राच्या ओळीच ५७६, लॅपटॉपवर त्याच्या जवळपास दुप्पट, मग फोल्डरची नावं म्हणजे मुंग्या. व्हिडिओ लॅपटॉपवरच शोधून फुल स्क्रीन करा आणि मग आईबाबांना हाक मारा. ओटीटीवरचे सिनेमे असल्या डब्यांतून कधी कधी काळा पडदा दाखवतात, ती चोरीविरोधी कुलपाची भानगड असते, घरच्या व्हिडिओला ती नाही.

प्रश्न : लॅपटॉप ४३ इंची टीव्हीला एचडीएमआयने लावलाय. चित्र येतं पण खालची पट्टी अर्धी कापली जाते, आणि आवाज लॅपटॉपमधूनच येतो. (आयटीवाला असून विचारतोय, हसू नका. ठाणे)

उत्तर : हसलो थोडंसं. आवाजासाठी खाली उजवीकडे स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून यादीतून टीव्हीचं नाव निवडा. कापलेली पट्टी ही ओव्हरस्कॅनची जुनी खोड आहे, डबा टीव्हीच्या काळात कडेचा भाग झाकला जायचा म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून दाखवायचे, ती सवय सपाट टीव्हीतही राहिली. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये जा, एलजीवर "जस्ट स्कॅन", सॅमसंगवर "स्क्रीन फिट" किंवा "फिट टू स्क्रीन", बाकीच्यांत "फुल पिक्सेल" किंवा तसंच काहीतरी. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये खुडबुड करू नका, तिथून आकसवलं तर अक्षरं पुसट होतात.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या प्रयोगाचं शूटिंग पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावायचंय. फाइल ६ जीबीची, पेनड्राइव्ह ३२ जीबीचा रिकामा, तरी जागा नाही म्हणतो. दुसरी छोटी फाइल लागली पण आवाज नाही. आजीला कमी ऐकू येतं म्हणून संवाद मराठीत टाइप करून सबटायटल केलीत, तिथे नुसते चौकोन दिसतात. (वाचक, नाशिक)

उत्तर : तीन दुखणी, तीन औषधं. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात एकेक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, मग बाकीचा पेनड्राइव्ह रिकामा असो की नसो. एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतलं सगळं पुसलं जाईल तेवढं आधी काढून ठेवा. जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत, म्हणून आधी एनटीएफएस करून बघा.

आवाज नाही ह्याचं कारण बहुतेक त्या फाइलमधला आवाज डीटीएस पद्धतीचा असणार. टीव्ही कंपन्यांना त्याचं लायसन्स घ्यावं लागतं, सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींत ते देणं बंद केलं, इतरांचंही मॉडेलप्रमाणे कमीजास्त. चित्र चालू आणि वर "ऑडिओ सपोर्टेड नाही" अशी ओळ येते ना, तेच. ज्याने एडिटिंग करून दिलं त्याला आवाज एएसी ह्या पद्धतीत काढून द्या म्हणा, चित्राला हात लावायची गरज नाही, पाच मिनिटांचं काम आहे. तोवर लॅपटॉप एचडीएमआयने लावून व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेयरवर चालवा, तो काहीही खातो.

चौकोनांचं मात्र जरा खोलात जाऊन बघावं लागेल. तुम्ही टाइप कशात केलंय? डीटीपीवाल्यांच्या जुन्या फाँटमध्ये केलं असेल तर ती मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा आहे, तो फाँट टीव्हीत नाही त्यामुळे मुखवटा गळून पडतो. पण तेव्हा चौकोन नाही, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तुम्हाला चौकोनच दिसतायत म्हणजे टाइप युनिकोडमध्येच, खऱ्या मराठी अक्षरांतच झालंय आणि टीव्हीकडे देवनागरी अक्षरं नाहीत, नाहीतर फाइल सेव्ह करताना गडबड झालीय. सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडा, सेव्ह ॲज करा, खाली एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा, आणि नाव व्हिडिओच्या नावासारखंच अगदी तंतोतंत ठेवा. तरी चौकोन आले तर टीव्हीला देवनागरी येत नाही हे मान्य करून सबटायटल चित्रातच छापून घ्या. एडिटिंगवाला आवाजासाठी बसणारच आहे, त्याच बैठकीत करेल. अक्षर मोठं ठेवायला सांगा, आजी आहेत.

प्रश्न : पंधरा वर्षांचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, गाणी, सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर गोळा केलंय. हॉलमधला टीव्ही आणि सासूबाईंच्या खोलीतला टीव्ही दोन्हीकडे दिसायला हवं, दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन नाचायचं नाही. (वाचक, बंगळूर)

उत्तर : ताई, ह्यासाठी वायर टीव्हीपर्यंत न्यायची गरजच नाही, घरच्या वायफायवरूनच होतं. डेस्कटॉपवर जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर टाका, ते कॉम्प्युटरमधले फोटो-व्हिडिओ टीव्हीला पुरवतं, फुकट आहे, पैसे मागत नाही की जाहिराती दाखवत नाही, त्याला फोल्डर दाखवा आणि टीव्हीत त्याचं ॲप टाका. टीव्हीला ॲप मिळत नसेल तर जेलीफिनमध्ये डीएलएनएचं प्लगइन चालू करा. डीएलएनए म्हणजे २००३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मिळून काढलेली संघटना आणि तिने ठरवलेली, घरातल्या घरात फोटो-व्हिडिओ पाठवायची पद्धत, संघटना २०१७ मध्ये गुंडाळली गेली, पण बऱ्याच टीव्हींत ती भाषा अजून आहे, सोर्सच्या यादीत एचडीएमआयच्या खाली तुमच्या कॉम्प्युटरचं नाव आपोआप दिसतं. दिसलं नाही तर निम्म्या वेळा कारण एकच, कॉम्प्युटर एका वायफायवर आणि टीव्ही "गेस्ट" वायफायवर.

आता अडचणी. मोबाइलवर फोरकेमध्ये शूट केलेला व्हिडिओ सेकंदाला ५० मेगाबिटच्या आसपास खातो, आणि राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती, टीव्ही वायफायच्या हळू, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असेल तर सासूबाईंना नातवाचा वाढदिवस अडखळत अडखळत बघावा लागेल. जवळच्या टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ द्या. डेस्कटॉपला मात्र वायफाय नकोच, राउटरशेजारी ठेवून लॅनच्या वायरने जोडा, एवढ्या एका गोष्टीने निम्म्या तक्रारी संपतात कारण मग सिग्नल हवेतून दोनदा न जाता एकदाच जातो. जेलीफिनमध्ये क्वालिटीचं सेटिंग मूळ फाइलवरच राहू द्या, नाहीतर जुना कॉम्प्युटर चालू व्हिडिओ बदलत बसतो, पंखा विमानासारखा ओरडतो आणि व्हिडिओ काही पुढे सरकत नाही.

चोवीस तास चालू ठेवणार असाल तर बिलाचा हिशोब पण करा. जुना डेस्कटॉप ६० वॅट खातो धरला तर दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३ च्या वर. मी तर म्हणेन संध्याकाळीच चालू करा, फोटो काही पळून जात नाहीत. आणि पंधरा वर्षांचं सगळं एकाच डिस्कवर आहे हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला, आजच्या आज एक बाहेरची हार्ड डिस्क आणून कॉपी काढा, टीव्हीचं नंतर बघू.

प्रश्न : नवीन टीव्हीला मागे लाल-पांढरं भोकच नाही आणि माझ्या जुन्या अँप्लिफायरला एचडीएमआय नाही. दोघांचं जमवायचं कसं? (वाचक, नागपूर)

उत्तर : टीव्हीच्या मागे लाल उजेड येणारं चौकोनी भोक आहे का बघा, ते ऑप्टिकल. "ऑप्टिकल टू ॲनालॉग" अशी छोटी डबी घ्या, एकीकडून ऑप्टिकल, दुसरीकडून लाल-पांढरी, झालं. फक्त टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम", म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, करा. ते ऑटो किंवा डॉल्बीवर राहिलं तर स्वस्तातल्या डबीला ती भाषा कळत नाही आणि एकतर काही ऐकू येत नाही नाहीतर खर्र आवाज येतो. ऑप्टिकलच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते ती काढून मगच वायर घाला. हसू नका, ती न काढता फोन करणारे मला माहीत आहेत.

प्रश्न : लॅपटॉपवरून सिनेमा बघतो, आवाज ब्लूटूथने म्युझिक सिस्टिमवर. ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो. (वाचक, पणजी)

उत्तर : ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून पॅक करायचा, हवेतून पाठवायचा, पलीकडे उलगडायचा, ह्यात एक-दोन दशांश सेकंद सहज जातो. गाण्याला कळत नाही, संवादाला लगेच कळतं. व्हीएलसीमध्ये जे आणि के ह्या दोन बटणांनी आवाज ५० मिलिसेकंदांनी पुढे-मागे होतो, जे दाबत जा, ओठ जुळले की थांबा. ओटीटीवर ही सोय नाही, तिथे सरळ वायर लावा.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात वीज चमकली आणि टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि लॅपटॉप तिघांचेही एचडीएमआय गेले. लाइट तर तेव्हा गेलेले होते! मग जळलं कसं? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लाइट गेले तरी छतावरची डिश आणि खांबावरून आलेली केबल जोडलेलीच होती ना. जवळपास वीज पडली की त्या लांब वायरीत झटका तयार होतो, तो सेट टॉप बॉक्समध्ये शिरतो, तिथून एचडीएमआयच्या वायरने टीव्हीत आणि टीव्हीतून दुसऱ्या एचडीएमआयने लॅपटॉपमध्ये. एचडीएमआयच्या मागची चिप काही व्होल्टच्या सिग्नलसाठी केलेली, ती पहिल्यांदा जाते. भिंतीतल्या स्टॅबिलायझरला ह्यातलं काही कळत पण नाही कारण झटका त्याच्या वाटेने आलेलाच नसतो. टीव्हीचं बाकी सगळं ठीक असेल तर राहिलेलं एखादं एचडीएमआय चालतंय का बघा, बऱ्याचदा तीनातलं एकच गेलेलं असतं. लॅपटॉपला यूएसबी-सी असेल आणि त्यातून चित्र निघत असेल तर छोटा अडाप्टर लावून काम होईल.

आणि कोकणात राहता, त्यामुळे मे संपला की सवय लावून घ्या. आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आतच, आधी डिशची गोल वायर फिरवून काढायची, मग लॅपटॉपची एचडीएमआय, मग प्लग, आणि त्यानंतर वाळत घातलेले कपडे.